पेशी कोण, हे जागा सांगते

पायाच्या अंगठ्याला ठेच लागून जखम चिघळली की एक-दोन दिवसांत जांघेत अवधाण येतं. तळहाताला फोड झाला तर काखेत, दाढ किडली तर जबड्याखाली. ही गाठ नव्यानं उगवलेली नसते. ती लसिका ग्रंथी, म्हणजे ऊतींमधून निघणारा पातळ द्रव (लसिका) गाळणारी गाठ, तिथे आधीपासूनच असते, काही मिलिमीटरची, मऊ, एरवी बोटाला न लागणारी. शरीरात अशा साधारण ६०० ग्रंथी आहेत आणि प्रत्येकीचा इलाका ठरलेला आहे: पायाची लसिका जांघेत, हाताची आणि स्तनाची काखेत, जिभेची मानेत. अवधाण आलं याचा अर्थ त्या इलाक्यातून काहीतरी आलं, ग्रंथीनं ते अडवलं आणि त्यावर काम सुरू केलं.

हे काम बघायचं म्हणून ग्रंथीचा ३ मायक्रोमीटर जाडीचा काप काचेवर घ्यावा, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या दोन रंगांनी (एच अँड ई) रंगवावा, मोठ्या शक्तीचं भिंग लावावं, तर हाती फारसं काही लागत नाही. निळे गोल केंद्रक, भोवती जेमतेम दिसेल इतकं पेशीद्रव, आणि अशा हजारो लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांचे दोन मुख्य प्रकार: अँटिबॉडी (जंतूला धरणारं प्रथिन) बनवणाऱ्या बी पेशी, आणि त्यांना मदत करणाऱ्या किंवा संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी. त्यातली बी पेशी कुठली आणि टी पेशी कुठली हे या रंगात सांगता येत नाही. यकृताची पेशी एकटी सापडली तरी ओळखू येते. लिम्फोसाइटचं तसं नाही. ती कोण आहे आणि काय करते आहे हे ती कुठे बसली आहे त्यावरून कळतं. म्हणून लसिका ऊतीची स्लाइड आधी सगळ्यात कमी शक्तीच्या भिंगाखाली बघायची, रचना टिकली आहे की मोडली आहे हे ठरवायचं, आणि मगच पेशींकडे वळायचं. हा क्रम उलटा केला की भलेभले चुकतात.

ग्रंथीचा आकार राजम्याच्या दाण्यासारखा. फुगीर बाजूनं लसिका आणणाऱ्या अनेक बारीक वाहिन्या आत शिरतात. त्यांना झडपा असतात, त्यामुळे प्रवाह एकाच दिशेनं जातो. खोलगट बाजू म्हणजे हायलम. तिथून लसिका बाहेर पडते, आणि रक्तवाहिन्यांची ये-जाही तिथूनच. वरून कोलॅजनचं आवरण, त्यातून आत गेलेले पडदे. आवरणाला लागूनच आत एक फट असते, तिला सबकॅप्सुलर सायनस म्हणतात. आलेली लसिका आधी या फटीत पसरते, मग पडद्यांच्या कडेनं खाली उतरते आणि गाभ्यातल्या रुंद सायनसमधून हायलमकडे जाते. सायनसमध्ये आडवेतिडवे तंतू आणि त्यांवर बसलेले मॅक्रोफेज (गिळणाऱ्या पेशी) असतात, त्यामुळे प्रवाह मंदावतो आणि जे काही वाहत आलं आहे ते अडकतं. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेल्या बाईच्या फुफ्फुसालगतच्या ग्रंथी काळ्या निघतात, कारण फुफ्फुसातून आलेला कार्बन इथल्या मॅक्रोफेजमध्ये साठलेला असतो.

या फटीतूनच रोगही आत येतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ताप आणि गाठी असलेले रुग्ण पाहून प्लेग ओळखला. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून प्लेगची गाठ बहुधा जांघेत. जंतू लसिकेबरोबर सायनसमध्ये पोचतात, तिथे मॅक्रोफेज त्यांना आवरू शकत नाहीत, सायनस जंतूंनी भरतो, ऊती रक्ताळून मरते आणि सूज आवरणाबाहेर पसरते. साध्या अवधाणात ग्रंथी मोठी होते पण तिची बांधणी शाबूत राहते. प्लेगमध्ये बांधणीच जाते. दोन गाठींमधला फरक इथे आहे.

कॅन्सरच्या पेशीही याच वाटेनं येतात आणि आधी याच फटीत थांबतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये लसिका जिथे सगळ्यात आधी पोचते ती काखेतली पहिली ग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, तपासताना तिचे २ मिलिमीटरचे काप करतात आणि सगळे काप मेणाच्या (पॅराफिनच्या) ब्लॉकमध्ये घेतात. हा २ चा आकडा उगाच आलेला नाही. कॅन्सरच्या पेशींचा २ मिलिमीटरपेक्षा मोठा साठा म्हणजे मॅक्रोमेटास्टॅसिस, ०.२ ते २ मधला मायक्रोमेटास्टॅसिस, आणि उपचार यावर ठरतात. जाड काप केले तर मोठा साठाही दोन कापांच्या मध्ये हरवू शकतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हाच प्रश्न आपल्याकडे रोजचा आहे. गाठ लहान आहे, मानेत काही लागत नाही, मग मानेच्या ग्रंथी आत्ताच काढायच्या की त्या वाढेपर्यंत वाट बघायची? मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी याची चाचणी केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या ग्रंथी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट बघणाऱ्या गटात ६७.५ टक्के. आवरणाखालच्या फटीतला एखाद्या मिलिमीटरचा साठा बोटांना कधीच लागणार नाही, हे स्लाइड बघणाऱ्याला नवं नाही. त्याची किंमत किती, ते या आकड्यांनी दाखवलं.

सायनसच्या आत कॉर्टेक्स, म्हणजे ग्रंथीचा बाहेरचा थर. इथे बी पेशी गोल पुंजक्यांमध्ये राहतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. शांत ग्रंथीत फॉलिकल एकसारखा गडद दिसतो. प्रतिजन (जंतूचा, बी पेशीला ओळखता येणारा अंश) आला की साधारण आठवडाभरात त्याच्या मधोमध फिकट गोल उमटतो. हे जर्मिनल सेंटर. वॉल्टर फ्लेमिंग यांनी १८८० च्या दशकात ते पाहिलं आणि तिथे विभाजन होणाऱ्या पेशी इतक्या दिसल्या की लिम्फोसाइट इथेच जन्माला येतात असं त्यांनी मानलं. जन्म इथला नाही, तो अस्थिमज्जेतला आणि छातीतल्या थायमस या अवयवातला. पण विभाजनाबद्दलचं निरीक्षण अचूक होतं.

लसिका ऊतीतला सगळ्यात बघण्यासारखा भाग मला हाच वाटतो. नीट कापलेल्या जर्मिनल सेंटरला दोन बाजू असतात. एक बाजू गडद: तिथे सेंट्रोब्लास्ट, मोठ्या, झपाट्यानं दुभंगणाऱ्या बी पेशी. विभाजन होत असताना त्या आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बदल करत जातात. दुसरी बाजू फिकट: तिथे फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींचं जाळं असतं, आणि त्या जाळ्यानं प्रतिजन आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवलेला असतो. बदललेली बी पेशी या बाजूला येते आणि तिची अँटिबॉडी त्या प्रतिजनाला किती घट्ट धरते यावर तिचं भवितव्य ठरतं. पकड चांगली असेल तर मदतनीस टी पेशी तिला जगवतात. ती पुन्हा गडद बाजूला जाऊन आणखी विभाजते, नाही तर अँटिबॉडी सोडणारी प्लाझ्मा पेशी किंवा पुढच्या वेळेसाठी राहणारी स्मृतिपेशी होऊन बाहेर पडते. पकड कमी पडली तर ती मरते. मरणाऱ्या खूप असतात, आणि त्यांचे तुकडे गिळलेले फिकट, मोठे मॅक्रोफेज गडद पेशींमध्ये विखुरलेले दिसतात. भोवती लहान बी पेशींचं मँटल असतं, आणि ते फिकट बाजूला जाड, गडद बाजूला पातळ. ग्रंथीत फिकट बाजू आवरणाकडे तोंड करून असते, टॉन्सिलमध्ये घशाच्या पृष्ठभागाकडे. म्हणजे प्रतिजन जिकडून येतो, तिकडे.

इथे रचना वाचता आली की फॉलिक्युलर लिम्फोमा समजतो (लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइटचा कॅन्सर). त्या रोगातही फॉलिकलच असतात, पण शिस्त गेलेली असते. सगळे साधारण एका मापाचे, एकमेकांना चिकटलेले, कॉर्टेक्स सोडून गाभ्यापर्यंत आणि कधी आवरणाबाहेरच्या चरबीतही पसरलेले. गडद-फिकट बाजू नाही, मँटल विरळ, आणि मृत तुकडे गिळणारे मॅक्रोफेज जवळजवळ गायब. ते गायब का, याचं उत्तर बीसीएल-२ या प्रथिनात आहे. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. निरोगी जर्मिनल सेंटरमधल्या बी पेशी ते बंद ठेवतात, कारण निवडीत हरलेल्या पेशीला मरता आलं पाहिजे. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेक वेळा १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि बीसीएल-२ कायमचं चालू राहतं. म्हणून बीसीएल-२ च्या रंगात (हे प्रथिन अँटिबॉडीनं शोधून रंगवतात) निरोगी सेंटर रिकामं दिसतं आणि लिम्फोमाचा फॉलिकल भरलेला. पण हा रंग एकटा वाचू नये. मँटलच्या पेशी, टी पेशी आणि शांत फॉलिकलमधल्या बी पेशी यांच्यातही बीसीएल-२ असतंच, त्यामुळे साधा शांत फॉलिकल पाहून लिम्फोमा म्हटलं जाण्याचा धोका आहे. उलट काही फॉलिक्युलर लिम्फोमांमध्ये हा रंग येत नाही. आधी एच अँड ई वर जर्मिनल सेंटर आहे की नाही ते ठरवावं, मग बीसीएल-२ बघावं.

फॉलिकलांच्या मधला आणि खालचा पट्टा म्हणजे पॅराकॉर्टेक्स, टी पेशींची जागा. इथल्या शिरांना एक खूण आहे: त्यांचं आतलं अस्तर चपटं नसतं, घनाकार असतं, आणि भिंतीतून सरकणारे लिम्फोसाइट त्यात अडकलेले दिसतात. रक्तातले लिम्फोसाइट ग्रंथीत मुख्यतः इथूनच येतात. लिम्फोसाइट फिरता असतो हे जेम्स गोवन्स यांनी ऑक्सफर्डमध्ये उंदरांवर दाखवलं. वक्षवाहिनीतून (लसिका परत रक्तात नेणाऱ्या मोठ्या वाहिनीतून) लसिका काही दिवस बाहेर काढत राहिलं की तिच्यातले लिम्फोसाइट घटत जातात; त्याच पेशी परत शिरेत सोडल्या की आकडा टिकतो. नंतर किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी वापरून १९६४ मध्ये नाईट यांच्याबरोबर त्यांनी त्या पेशी नेमक्या या उंच अस्तराच्या शिरांमधून ग्रंथीत शिरताना दाखवल्या. त्याआधी लिम्फोसाइट ही फारसं काही न करणारी, अल्पायुषी पेशी मानली जाई.

गाभ्यात सायनस आणि त्यांच्या मधले दोर, दोरांत प्लाझ्मा पेशी. अँटिबॉडी इथून लसिकेत जाते. या भागाबद्दल इतकं पुरे.

या सगळ्याला उभं धरणारा सांगाडा एच अँड ई मध्ये दिसत नाही. चांदीच्या रंगात रेटिक्युलिनचे काळे तंतू उमटतात, आणि मग कळतं की फॉलिकलभोवती ते दाट आहेत, आत विरळ. तंतूंभोवती फायब्रोब्लास्टसारख्या जाळीपेशी गुंडाळलेल्या असतात, आणि त्या दोहोंमधून अगदी बारीक नळ्या तयार होतात. लसिकेतले लहान रेणू सायनसमधून या नळ्यांनी थेट पॅराकॉर्टेक्समध्ये पोचतात. मोठे कण आणि जंतू सायनसमध्येच राहतात. याच जाळीपेशी रासायनिक खुणा सोडतात, आणि टी पेशी एका बाजूला, बी पेशी दुसऱ्या बाजूला जातात. सांगाडा आणि वाटाड्या एकच.

ही बांधणी इतकी नाजूक आहे की ती स्लाइडपर्यंत पोचवणं हीच मोठी जबाबदारी. आपल्याकडे मोडते ती बहुतेक वेळा इथेच. गाठ काढताना चिमट्यानं दाबली की लिम्फोसाइटची केंद्रकं फुटून निळे ओघळ तयार होतात, आणि त्या भागावरून काहीही सांगता येत नाही. म्हणून आवरणाला धरावं, गाभ्याला नाही. काढलेली ग्रंथी कोरड्या गॉजवर ठेवली की गॉज तिचं पाणी शोषतं आणि कडेच्या पेशी आक्रसतात. सलाइननं ओलसर केलेल्या गॉजमध्ये ती गुंडाळावी, पण सलाइनमध्ये बुडवून ठेवू नये. शक्य असेल तर ताजीच लॅबमध्ये पाठवावी. तिथे ती कापली जाते, ताज्या कापाला स्वच्छ काच हलकेच टेकवून ठसे घेतले जातात (घासायचं नाही), आणि क्षयाची शंका असेल तर एक तुकडा निर्जंतुक डबीत, थोड्या सलाइनमध्ये, कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (क्षयजंतूचं जनुकद्रव्य शोधणारी तपासणी) यांसाठी वेगळा ठेवला जातो. पूर्ण गाठ एकदा फॉर्मॅलिनमध्ये गेली की कल्चर संपलं. जंतू मरतात, आणि औषधांना ते दाद देतात का हे कल्चरनं सांगायची संधी जाते. क्षयाचं प्रमाण आपल्याकडे इतकं असताना हा तुकडा विसरणं परवडत नाही.

बाकीची गाठ १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे साधारण ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइडमध्ये. द्रावण ऊतीच्या किमान दहापट. आधी २ ते ३ मिलिमीटरचे काप करायचेच, कारण फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत जातं आणि आवरण त्याला आणखी अडवतं. दोन सेंटिमीटरची अखंड गाठ तशीच डबीत टाकली तर कडा पक्की होते आणि मधला भाग कुजतो. मग स्लाइडवर कडेला सुरेख कॉर्टेक्स आणि मध्ये पुसट, फुगलेली केंद्रकं. लहान तोंडाची, गाठ जेमतेम मावेल अशी बाटली हा याच चुकीचा दुसरा प्रकार. फॉर्मॅलिनमध्ये १२ ते २४ तास ठेवणं योग्य. घाई करून चार तासांत काढलेली ऊती पक्की करण्याचं उरलेलं काम पुढच्या प्रक्रियेतलं अल्कोहोल करतं, आणि नंतर अँटिबॉडीचे रंग कधी येतात, कधी नाही. मग सेक्शन. लहान लिम्फोसाइटचं केंद्रक साधारण ७ मायक्रोमीटरचं असतं. काप ६ चा पडला तर केंद्रकांवर केंद्रकं चढतात आणि सगळं गडद, संशयास्पद दिसतं. ३ चा काप हवा, धारदार पात्यानं.

सुईचा तपास, म्हणजे एफएनएसी, याला पर्याय आहे का? क्षय आणि कॅन्सरचा प्रसार यांसाठी तो उत्तम, स्वस्त आणि लवकर होणारा आहे. मानेत गंडमाळ असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी शस्त्रक्रियेला नेऊ नये. पण सुई पेशी ओढून आणते, जागा आणत नाही. लिम्फोमाची शंका असेल तर पूर्ण ग्रंथी, आवरणासकट, काढणं हेच बरोबर.

क्षयाची ग्रंथी कमी शक्तीखालीच बोलते: कॉर्टेक्समध्ये आणि पॅराकॉर्टेक्समध्ये फिकट गोल ग्रॅन्युलोमा (मॅक्रोफेजचे पुंजके), कडेनं एपिथेलॉइड पेशी (रूप बदललेले मॅक्रोफेज), काही लँगहान्स महापेशी (अनेक मॅक्रोफेज जुळून झालेल्या), मध्ये गुलाबी, रचनाहीन मृत ऊती. ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे क्षयच असं नाही, आणि झील-नील्सन या क्षयजंतू दाखवणाऱ्या रंगात जंतू दिसले नाहीत म्हणजे क्षय नाही असंही नाही. ग्रंथीत जंतू बरेचदा थोडे असतात. यात आणखी एक रोग मिसळतो. १९७२ मध्ये जपानमध्ये किकुची आणि फुजिमोतो यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेला, बहुधा तरुण स्त्रियांना मानेत होणारा, आपोआप बरा होणारा. पॅराकॉर्टेक्समध्ये मृत भाग, त्यात केंद्रकांचा चुरा, चंद्रकोरीसारखी केंद्रकं असलेले हिस्टिओसाइट (ऊतीतले मॅक्रोफेज), आणि न्यूट्रोफिल (पुवात सापडणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ नाहीत. नीट ग्रॅन्युलोमा नाही. हे न ओळखता सहा महिने क्षयाची औषधं खाल्लेल्या मुली असतात, आणि मोठ्या पेशी पाहून लिम्फोमा ठरवला गेला तर परिणाम याहून गंभीर.

ग्रंथीबाहेरही हाच नियम चालतो, फक्त नकाशा बदलतो. थायमसमध्ये लसिका आणणाऱ्या वाहिन्या नाहीत, फॉलिकल नाहीत. गडद कॉर्टेक्स, फिकट मेड्युला (गाभा), आणि मेड्युलात हॅसलची गुलाबी, थरांची वर्तुळं. टी पेशींना इथे शिकवणी मिळते आणि त्यांतल्या बहुसंख्य मरतात. त्याचं काम काय हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांचा थायमस काढून दाखवेपर्यंत माहीत नव्हतं. बी पेशींची शाळा कोंबडीत वेगळी असते, अवस्करालगतची (विष्ठा आणि अंडं बाहेर पडतं त्या पोकळीलगतची) फॅब्रिशियसची पिशवी. ब्रूस ग्लिक यांनी १९५६ मध्ये तिचं काम ओळखलं. कुक्कुटपालन करणाऱ्याला ती गंबोरो या कोंबड्यांच्या रोगामुळे ठाऊक असते. तो विषाणू याच पिशवीतल्या बी पेशी मारतो, आणि मग त्या पिलांना दिलेल्या इतर लसीही नीट लागू पडत नाहीत.

पानथरी (प्लीहा) लसिका गाळत नाही, रक्त गाळते. मोठ्या माणसात ती साधारण १५० ग्रॅमची. तिचा पांढरा भाग धमनीभोवती बसलेला: धमनीला लागून टी पेशींचं वेष्टण, बाजूला बी पेशींचे फॉलिकल, कडेला मार्जिनल झोन. लाल भागात रक्त आधी उघड्या दोरांमध्ये सांडतं आणि शिरांच्या अस्तरातल्या एक-दोन मायक्रोमीटरच्या फटींतून परत प्रवाहात जातं. सात-आठ मायक्रोमीटरच्या लवचिक लाल पेशीला हे जमतं. म्हाताऱ्या किंवा ताठरलेल्या पेशीला जमत नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे (लाल पेशी ताठर करणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांच्या पानथरीवर पडणारा ताण या फटींमुळेच असतो. पानथरी निकामी झाली आहे का हे साध्या रक्ताच्या काचेवरही कळतं: लाल पेशींमध्ये हॉवेल-जॉली कण (केंद्रकाचे उरलेले तुकडे) दिसू लागतात, कारण ते काढून टाकणाऱ्या फटी उरलेल्या नसतात. ठरवून पानथरी काढायची असेल तर न्यूमोकोकसची लस किमान दोन आठवडे आधी द्यावी.

आतड्यात तर रचना रोगाचा आकारच ठरवते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयरचे चट्टे, म्हणजे लसिका ऊतीचे पुंजके, असतात, आतड्याच्या लांबीच्या दिशेनं लांबट. टायफॉइडचे जंतू त्यांत शिरतात, म्हणून टायफॉइडचा व्रण लांबीच्या दिशेनं, आणि आतडं फुटायचं तर तिथेच, बहुधा तिसऱ्या आठवड्यात. क्षयाचे जंतू भिंतीतल्या लसिका वाहिन्यांच्या वाटेनं पसरतात. त्या आतड्याला वळसा घालून जातात, म्हणून क्षयाचा व्रण आडवा, आणि भरून आला की आतडं आवळतो. टायफॉइडचा व्रण भरल्यावर सहसा आवळत नाही.

आता व्यवहाराचं. कुठली ग्रंथी काढायची? हाताला सहज लागणारी नाही, सगळ्यात मोठी किंवा वाढत असलेली. जांघेतल्या ग्रंथी शक्यतो टाळाव्यात. आयुष्यभराच्या जखमांनी त्यांत तंतू आणि चरबी साचलेली असते. मानेतली किंवा गळ्याखालच्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) वरची चांगली. तपासणीच्या कागदावर वय, जागा, किती दिवसांपासून, ताप-वजन, आधी क्षयाचं औषध घेतलं का, आणि फिट्सची गोळी चालू आहे का हे लिहावं, कारण फेनिटोइनमुळे पॅराकॉर्टेक्स इतका फुलू शकतो की लिम्फोमा वाटावा. स्टेरॉइड सुरू केलं असेल तर तेही लिहावं. ते बायोप्सीच्या आधी दिलं की लिम्फोमाच्या पेशी विरघळतात आणि निदान हातचं जातं. दुसरं मत घ्यायचं झालं तर लॅबकडे स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकही मागावा. ब्लॉक असेल तर नवे काप काढून उरलेले अँटिबॉडी रंग करता येतात. नुसत्या जुन्या स्लाइडवर बहुतेक वेळा ते होत नाही.